‘कम्युनिकेशन : सुधारणा आवश्यक’ – एका प्रगतीपत्रकाचं वाचन

आमच्या नाशिकच्या घरात फ्रिजवर दोन कागद लावलेले आहेत. दोन्ही लेकीच्या नर्सरीची प्रगतीपत्रकं, एक पहिल्या सत्राचं आणि एक दुसऱ्या. आजची पोस्ट मुख्यतः पहिल्याबद्दल आहे. गेल्या वेळी साधनाची विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांवर लिहिलं होतं, पण ते जरा पुस्तकीच झालं. त्याच गोष्टी या कागदाच्या निमित्ताने पुन्हा सांगतो. संशोधनाचं साधन कसं वाचायचं हे मला कोर्सवर्कपेक्षा या कागदाने जास्त शिकवलं, आणि तेही उशिरा.

कागद असा आहे. बावीस ओळी. प्रत्येक ओळीपुढे तीन चौकटी – ‘उत्तम’, ‘चांगले’, ‘सुधारणा आवश्यक’. एकवीस ओळींत बरोबरची खूण पहिल्या दोन चौकटींत. बाविसावी ओळ ‘कम्युनिकेशन’, आणि तिथे खूण तिसऱ्या चौकटीत. पालक सभेत प्रत्येकाला पाच-सहा मिनिटं. टीचर चांगल्या होत्या, घाई असूनही आवाज खाली आणून बोलल्या. “सर, ती बोलतच नाही. चार महिने झाले. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.”

आता ही मुलगी घरी कशी, तर सकाळी डोळे उघडण्याआधी तोंड उघडतं. माझी आई सटाण्याकडची, ती लेकीशी अहिराणीतच बोलते, आणि लेक तिला त्याच भाषेत उत्तर देते. माझ्याशी आणि हिच्याशी मराठी. “माले पानी दे” आणि “बाबा, मला पाणी दे” यांतलं कुठलं वाक्य कोणासाठी, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. अशी पोर बोलत नाही म्हणजे काय? आधी राग आला. रात्री भीती वाटली. पुढचे तीन दिवस मी मोबाईलवर जे जे वाचलं ते इथे लिहीत नाही, तुम्हाला कल्पना येईल. चौथ्या दिवशी सुचलं की एरवी दुसऱ्याच्या प्रश्नावलीत आपण पहिल्या पाच मिनिटांत जे शोधतो ते या कागदात शोधलंच नाही.

पहिला प्रश्न : कार्यात्मक व्याख्या कुठे आहे? ‘कम्युनिकेशन’ हा शब्द छापला, पण काय दिसलं की ‘उत्तम’ आणि काय दिसलं की ‘सुधारणा आवश्यक’, हे कुठेच नाही. मी टीचरना पुन्हा भेटून विचारलं की तुम्ही नेमकं काय बघता. त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. हजेरीला “प्रेझेंट टीचर” म्हणते का, ऱ्हाइम पुढे येऊन म्हणते का, वॉशरूमला जाताना “मे आय गो” विचारते का. तिन्ही गोष्टी इंग्रजीत. तिन्ही मोठ्या माणसासमोर. त्यातल्या दोन अख्ख्या वर्गाच्या देखत. म्हणजे ओळीचं खरं नाव असं हवं होतं – ‘नव्या भाषेत, मोठ्या माणसाला, लोकांसमोर, ठरलेलं वाक्य म्हणणे’. हेही एक कौशल्य आहेच, माझं म्हणणं ते नाही. पण त्याला ‘कम्युनिकेशन’ म्हटलं की मोजलं एक आणि निष्कर्ष काढला दुसऱ्याचाच. सप्रमाणतेचा प्रश्न याहून सोप्या शब्दांत मला मांडता येत नाही.

दुसरा प्रश्न श्रेणीचा. बाकीच्या एकवीस ओळींचं काय? शेजारच्या दोन पालकांशी बोललो. त्यांच्याही कागदांवर बहुतेक सगळं ‘उत्तम’. ज्या पदनिश्चयन श्रेणीत जवळपास प्रत्येक मूल वरच्या चौकटीत जातं, ती मुला-मुलांत फरक करत नाही, आणि एकाच मुलातला जून ते ऑक्टोबर हा फरकही दाखवत नाही. गंमत अशी की दोन टीचरनी वेगवेगळं भरलं तरी हे कागद जवळपास सारखेच येतील. कुणी म्हणेल, बघा, शंभर टक्के एकमत! हे एकमत फुकटचं आहे. प्रबंधात ‘दोन निरीक्षकांमधली सहमती ९५ टक्के’ असं वाक्य दिसलं की आधी बघा, सगळे गुण एकाच खान्यात तर पडले नाहीत ना. कप्पा काढायचा तो याचसाठी.

इथपर्यंत आल्यावर मी सुखावलो होतो. साधन सदोष आहे, मूल ठीक आहे, विषय संपला. आणि हाच सापळा होता. साधन चुकीचं निघालं म्हणजे त्याने दाखवलेली गोष्ट खोटी ठरत नाही, फक्त तिचा पुरावा उरत नाही. काही विशिष्ट ठिकाणीच मूल गप्प राहतं अशी एक खरी अडचण असते, तिला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. डीएसएम-५ मधल्या तिच्या निकषांत दोन गोष्टी आमच्या कामाच्या होत्या : गप्प राहणं किमान एक महिना टिकलेलं हवं आणि त्यात शाळेचा पहिला महिना धरायचा नाही, आणि गप्प राहण्याचं कारण त्या भाषेची ओळख नसणं हे नसावं. पहिली अट आमच्याकडे पूर्ण होत होती. दुसरीबद्दल टीचर काही सांगू शकत नव्हत्या, कारण तिच्या भाषेत तिला शाळेत कुणी काही विचारलंच नव्हतं. आणि हो, टीचरकडे एक गोष्ट होती जी माझ्याकडे नाही. त्यांच्यासमोर एकाच वयाची सत्तावीस मुलं रोज बसतात, माझ्यासमोर एक. आई-बापाचा नमुना नेहमी एकचा असतो.

मग खरं कोण बोलतंय, घर की शाळा?

बालमानसशास्त्रात हा प्रश्न जुना आहे, आणि त्यावरचा एक लेख संशोधनाला लागणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असं मला वाटतं. अ‍ॅकेनबाख, मॅककोनॉही आणि हॉवेल या तिघांनी १९८७ साली ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये ११९ अभ्यासांचं मेटा-अ‍ॅनालिसिस केलं. एकाच मुलाच्या वर्तनाबद्दल वेगवेगळी माणसं जे सांगतात ते किती जुळतं? दोन्ही पालक, किंवा दोन शिक्षक, अशी एकाच जागेवरून बघणारी माणसं घेतली तर सरासरी सहसंबंध ०.६०. पण एक पालक आणि एक शिक्षक अशी वेगळ्या जागेवरून बघणारी घेतली की तो ०.२८ वर येतो. ०.२८ चा वर्ग करा, साधारण ०.०८. म्हणजे आईने सांगितलेल्या आणि बाईंनी सांगितलेल्या चित्रांत सामाईक भाग आठ टक्क्यांच्या आसपास. २०१५ मध्ये डी लॉस रेयेस आणि सहकाऱ्यांनी त्यानंतरचे ३४१ अभ्यास घेऊन पुन्हा हेच केलं, आणि आकडा आला ०.२८. पाव शतकात साधनं सुधारली, संगणक आले, आकडा जागचा हलला नाही.

नवखा संशोधक यावरून म्हणतो की पालक पक्षपाती, किंवा शिक्षक बेफिकीर. लेखकांचा कल तिकडे नव्हता. त्यांचं म्हणणं असं की मूल ठिकाणानुसार खरोखरच वेगळं वागतं, त्यामुळे दोन्ही साक्षी खऱ्या असू शकतात. न जुळणं ही मोजमापातली चूक धरून पुसून टाकण्याआधी तीच माहिती आहे का ते बघा. एक सावधगिरीही सांगतो. हे अभ्यास मुख्यतः भावनिक-वर्तनविषयक अडचणींचे आहेत, भाषेच्या प्रगतीचे नाहीत, आणि बरेचसे पाश्चात्त्य देशांतले. ०.२८ हा आकडा उचलून नाशिकच्या नर्सरीला चिकटवता येत नाही. विचार करण्याची रीत मात्र उचलता येते, आणि माझ्यापुरती तेवढी पुरली.

आता या उजेडात धोरणाकडे बघू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये समग्र प्रगतीपत्रकाची कल्पना आहे : ३६० अंशांचं, बहुआयामी, त्यात मुलाचं स्वतःचं, सोबत्यांचं आणि शिक्षकांचं मूल्यमापन. हा कागद घर आणि शाळा यांतला दुवा व्हावा आणि त्यासोबत पालकांच्या भेटी व्हाव्यात, असंही तिथे म्हटलंय. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा त्याहून नेमका आहे. या वयात परीक्षा आणि लेखी चाचण्या योग्य नाहीत असं तो स्पष्ट सांगतो, आणि मूल्यमापनाच्या दोन वाटा देतो : मुलाचं निरीक्षण, आणि मुलाने केलेल्या वस्तूंचा अभ्यास, म्हणजे चित्रं, मातीकाम वगैरे. दिशा चांगली आहे, यात वाद नाही. १९९३ च्या यशपाल समितीला नर्सरी प्रवेशासाठी मुलांच्या मुलाखती आणि चाचण्या बंद करा म्हणावं लागलं होतं, तिथपासून आपण बरंच पुढे आलो.

माझी हरकत ‘३६० अंश’ या शब्दाला आहे. तो शब्द असं सुचवतो की सगळीकडून बघितलं की आपोआप पूर्ण चित्र तयार होतं. वरचा आकडा उलट सांगतो. चार बाजूंनी बघितलं की चार वेगळी चित्रं मिळतात, आणि खरं काम तिथून सुरू होतं. पालकाने लिहिलं ‘खूप बोलते’, शिक्षकाने लिहिलं ‘बोलत नाही’. दोन्ही चौकटी भरल्या, कागद पूर्ण झाला, सही झाली. पण या दोन वाक्यांना समोरासमोर आणणारी तिसरी चौकट कुठे आहे? कुठल्या भाषेत बोलते, कोणाशी, किती जण समोर असताना? मतभेद नोंदवायची जागाच नसेल तर चौकटी वाढवून कागद फक्त लांब होतो. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘त्रिकोणन पद्धतीने माहिती पडताळली जाईल’ हे वाक्य असेल तर गाईडच्या आधी मीच विचारतो : तीन स्रोत जुळले नाहीत तर काय करणार? बहुतेकांकडे उत्तर नसतं. माझ्याकडेही नव्हतं.

आपल्याकडचं सगळ्यात चांगलं प्रगतीपत्रक कोणतं असं मला विचाराल तर मी अंगणवाडीतल्या वजनाच्या आलेखाचं नाव घेईन. हसू नका. माता-बाल संरक्षण कार्डात तो असतो. आडव्या अक्षावर वय, उभ्यावर वजन, मागे हिरवा-पिवळा पट्टा. त्यामागचे जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे मानदंड सहा देशांतल्या साधारण साडेआठ हजार मुलांवरून बनले, आणि त्या सहांत भारत होता. एकक ठरलेलं, वजनकाटा ठरलेला, तारीख लिहिलेली. मुख्य म्हणजे एक ठिपका काही सांगत नाही, ठिपक्यांची रेघ सांगते. सुरगाण्याच्या पाड्यावरची अक्षरओळख नसलेली आईसुद्धा रेघ खाली वळली की ओळखते, सेविकेला विचारते. त्याच कार्डात मूल कधी बसतं, कधी चालतं, कधी बोलतं याचीही चित्रं आहेत. आणि मी, हजारो रुपये फी भरून, हातात काय घेऊन आलो? तारीख नसलेला, एकक नसलेला, एक ठिपका.

अर्थात वजन मोजणं सोपं आहे आणि बोलणं मोजणं अवघड, ही तुलना पुरती न्याय्य नाही, मान्य. शिवाय त्याच अंगणवाडीतल्या पालकाला वजन समजतं, पण मूल गोष्ट ऐकतं का, रंग ओळखतं का, हे बहुधा समजत नाही. तिथे पोषणाचं पारडं जड आणि शिक्षणाचं हलकं, ही जुनी तक्रार आहे. ‘पोषण भी पढाई भी’ ही मोहीम २०२३ मध्ये आली ती याचमुळे. तरी एक गोष्ट नोंदवतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत नोंदलेल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे, आणि त्यात विकासातला विलंबही बघायचा असतो. माझ्या लेकीच्या खासगी नर्सरीत असं काहीही नाही. तिथे टीचरची नजर हीच तपासणी.

पालकाला मिळणारी माहिती इतकी महत्त्वाची का, याचं चांगलं उत्तर रिबेका डायझन-रॉस यांच्या मलावीतल्या प्रयोगात आहे. ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये २०१९ साली तो आला. मुलं शाळेत कशी आहेत याबद्दलचे पालकांचे अंदाज चुकीचे होते, आणि गरीब पालकांचे जास्त चुकीचे. खरी माहिती स्पष्ट करून सांगितल्यावर पालकांनी मुलांवरचा खर्च आणि निवडी बदलल्या. ती मुलं मोठी होती, परीक्षा देणारी, त्यामुळे इथेही थेट उडी मारायची नाही. पण एक भाग मला झोपू देईना. पालक कागदावर विश्वास ठेवून निर्णय घेतात. मीही घेणारच होतो. तिसऱ्या रात्री आम्ही दोघं गंभीरपणे ठरवत होतो की उद्यापासून घरात इंग्रजी बोलायचं आणि आईला सांगायचं, पोरीशी अहिराणी बंद. एका टिकमार्कमुळे! आई पलीकडच्या खोलीत होती. तिने ऐकलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ती लेकीशी अडखळत प्रमाण मराठी बोलायला लागली आणि लेक तिच्याकडे बघतच राहिली. ते बघून आम्ही तो बेत सोडला.

तिचे कान मात्र तपासून घेतले. सगळं व्यवस्थित निघालं. तेव्हा हेही लिहून ठेवतो : टीचरचा कागद चुकीचा होता, सल्ला बरोबर होता. चार महिने मूल बोलत नसेल तर ऐकू येतंय का हे बघायलाच हवं, कारण काहीही असो.

या सगळ्यात मला पुन्हा पुन्हा ताराबाई मोडक आठवत राहिल्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ तिथेच त्यांच्यासोबत आल्या आणि पुढे काम कोसबादला गेलं. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीवर, घरांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा हीसुद्धा तीच तऱ्हा. आपण हा इतिहास ‘शिक्षण पोचवलं’ असा वाचतो. पालकाच्या बाजूने वाचून बघा. वर्ग अंगणात भरला की आई चूल सांभाळत वर्ग बघते. मूल कुठे गप्प बसतं, कुठे पुढे होतं, हे तिला सांगावं लागत नाही. आणि बाईंनाही घर दिसतं, घरातली भाषा कानावर पडते. माझ्या वाचनात ०.२८ या आकड्यावरचा हा सगळ्यात जुना देशी उपाय आहे, आणि तो आकडा येण्याच्या चाळीस वर्षं आधीचा. नंतर आपण अंगणवाडीला खोली दिली, कुंपण दिलं. खासगी नर्सरीने गेटवर वॉचमन आणि ‘पालकांनी येथेच थांबावे’ अशी पाटी लावली. सुरक्षेसाठी ते लागतं, ठीक. पण मग जे डोळ्यांनी दिसत होतं ते कागदाने सांगायचं, एवढा भार त्या बावीस ओळींवर आला.

जानेवारीत मी टीचरना एक विनंती केली. दोन आठवडे, रोज तीन बारीक नोंदी : तोंडातून शब्द निघाला का, समोर कोण होतं, कुठल्या भाषेत. पद्धतिशास्त्रात याला प्रासंगिक नोंद म्हणतात, आणि वर्गात उभं राहून ती ठेवणं किती कठीण असतं हे तिथे लिहिलेलं नसतं. त्या हसल्या. “सर, सत्तावीस मुलं आहेत.” खरंच होतं. मी तुमच्यासाठी हे लिहितोय कारण आपण सगळेच फील्डवर जाऊन कुणाला तरी असं ‘फक्त दोन मिनिटांचं’ काम सांगत असतो. तरीही त्यांनी पाच-सहा दिवस नोंदी केल्या. त्यांतल्या चार दिवसांच्या सारख्याच होत्या – शब्द नाही, मान हलवली. पाचव्या दिवशी त्यांनी सहज मावशींना विचारलं, मुलांना वॉशरूमला नेणाऱ्या. मावशी कळवणकडच्या.

“नही बोलस?” मावशी म्हणाल्या. “माले ते रोज सांगस.”

आजी काय करते, घरी मांजर कुठे झोपतं, बाबा रात्रभर ‘टकटक’ करतो – सगळं त्यांना ठाऊक होतं. मी पहिल्यांदा त्यांना भेटलो तेव्हा माझ्या प्रबंधाबद्दल त्यांना माझ्या गाईडइतकी माहिती होती. ३६० अंशांच्या कागदात मूल आहे, सोबती आहेत, शिक्षक आहेत, पालक आहेत. मावशी नाहीत. माझ्या स्वतःच्या प्रबंधाच्या नमुन्यातही नव्हत्या. सेविका होत्या, माता होत्या, पण मदतनीस एकही नाही. ते मी आता बदलतोय. समितीला पुन्हा पत्र द्यावं लागेल, सहा महिने जातील, असो.

मावशींशी बोलते म्हणून अडचण नाहीच, असंही मी म्हणणार नाही. एकाच माणसाशी बोलणं आणि बाकीच्यांसमोर गप्प, हे त्या निकषांत बसूही शकतं. आम्ही अजून बघतोय. दुसऱ्या सत्राच्या कागदावर बाविसाव्या ओळीत खूण पुन्हा तिसऱ्याच चौकटीत आहे. पण त्यापुढे टीचरनी पेनाने लिहिलंय, अक्षर चौकटीबाहेर जाऊन समासात उतरलंय : ‘मावशींशी रोज बोलते (अहिराणी). माझ्याकडे बघून हसते. फेब्रुवारीपासून एका मुलीच्या कानात बोलते. काय, ते ती मुलगी सांगत नाही.’